स्वप्नात बाबा येतात, पण त्यांचा चेहरा का दिसत नाही?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "बाबांना जाऊन चौदा महिने झाले. आठ-पंधरा दिवसांतून एकदा ते स्वप्नात येतात. कधी पाठमोरे असतात. कधी मागे उजेड असल्यासारखं तोंड नुसतं काळं दिसतं. एकदा तर चेहरा आमच्या गल्लीतल्या जुन्या किराणावाल्याचा होता, पण ते बाबाच आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांचा चेहरा विसरत चालले आहे का? आई म्हणते, पितर नाराज असले की तोंड दाखवत नाहीत. मावसभाऊ म्हणतो, मेंदूला नवा चेहरा तयारच करता येत नाही, स्वप्नातला प्रत्येक चेहरा कुठंतरी पाहिलेलाच असतो. यातलं खरं काय?"

ताई, आधी तुमच्या भीतीचं उत्तर देते. तुम्ही बाबांचा चेहरा विसरलेला नाहीत. नुसता धीर द्यायचा म्हणून हे सांगत नाही. मेंदू माणसाची आणि त्याच्या चेहऱ्याची नोंद कशी ठेवतो, झोपेत ती कशी उघडतो, याबद्दल जे कळलं आहे त्यावरून सांगते.

मी सव्वीस वर्षं नागपुरात मानसोपचाराचं काम करते. शिकले मेडिकलला, आता धंतोलीत बसते. हा प्रश्न माझ्याकडे सरळ क्वचितच येतो. झोप लागत नाही, छाती धडधडते, असं सगळं सांगून झाल्यावर बाई जायला उठते आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, "म्याडम, एक विचारू का? ते सपनात येतात, पन तोंड नाही दिसत त्याईचं." मग ती परत बसते. पितृपक्षाच्या पंधरवड्यात तर आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

एक रोजचं दृश्य घ्या. मे महिना, दुपारचे दोन, पारा पंचेचाळीसच्या वर. व्हरायटी चौकात सिग्नलला पाच-सहा मुली स्कूटीवर थांबल्या आहेत. प्रत्येकीच्या तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, त्यावर गॉगल, हातात मोजे. एकीचंही नाक-तोंड दिसत नाही. तरी रस्त्यापलीकडे उभी असलेली आई त्यातली आपली पोरगी बरोबर ओळखते. बसण्याची ढब, खांदा जरा उचललेला, पाय टेकवण्याची तऱ्हा, एवढं तिला पुरतं. ओळख पटायला चेहरा लागतोच असं नाही, हे नागपूरकराला कुणी शिकवायला नको. तुमच्या स्वप्नातही हेच घडतं आहे. फरक इतकाच की तिथं दुपट्टासुद्धा नसतो.

मानसशास्त्रज्ञ विकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ मध्ये चेहरा ओळखण्याच्या कामाचे टप्पे मांडले. आधी डोळ्यांसमोरच्या चेहऱ्याची ठेवण टिपायची, मग 'हा पाहिलेला आहे' एवढं कळायचं, मग तो माणूस कोण, आपला कोण लागतो, काय करतो हे उघडायचं, आणि सगळ्यात शेवटी नाव. हे टप्पे वेगवेगळे आहेत याची प्रचिती लग्नसमारंभात प्रत्येकाला येते. समोरचा हसून नमस्कार करतो, चेहरा ओळखीचा असतो, पण कोण ते काही केल्या सुचत नाही. किंवा हा वर्ध्याचा, याची मुलगी अमरावतीला दिली, सगळं आठवतं आणि नाव तेवढं जिभेवर येत नाही. जागेपणी अशी गाडी मधल्याच स्टेशनवर अडकते. माणूस पूर्ण समजला आणि चेहराच नाही, असं मात्र जागेपणी सहसा होत नाही, कारण माणूस समोर असला की डोळे चेहरा पुरवतच राहतात. झोपेत डोळे मिटलेले असतात, तो पुरवठा बंद असतो. मग आतल्या साठ्यातून जे आधी वर येईल ते येतं, आणि चेहराच आधी येईल असा काही नियम नाही.

चेहऱ्याचं काम करणारी जागा मेंदूच्या तळाशी, कानाच्या आतल्या बाजूला, मागच्या भागात आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एमआरआयच्या यंत्रात लोकांना चेहरे, घरं, हात, वस्तू अशी चित्रं दाखवून ती ठळकपणे दाखवली. बहुतेकांत ती उजव्या बाजूला जास्त जोरात काम करते. हा भाग दुखावला तर काय होतं, ते योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये डोक्याला मार लागलेल्या सैनिकांवरून लिहून ठेवलं. नजर चांगली, बुद्धी चांगली, पण चेहऱ्यावरून कुणीच ओळखू येत नाही.

असे एक गृहस्थ ब्रेन स्ट्रोकनंतर माझ्याकडे आणले होते. ओळख कळू नये म्हणून बाकी तपशील बदलते. बायको समोरच्या खुर्चीत गप्प बसलेली. मी विचारलं, या कोण? ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "असतील कोणी, नर्स असतील." ती बोलली, "पानी देऊ का?" आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. चाळीस वर्षांचा संसार त्यांच्यात शाबूत होता. तिचं माहेर, तिची पथ्यं, तिचं बोलणं, सगळं. चेहऱ्यावरून तिच्यापर्यंत जाणारा रस्ता तेवढा तुटला होता, आवाजाचा रस्ता उघडा होता. त्या दिवसापासून 'चेहरा दिसत नाही' असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, पण तो माणूस तर कळतो ना? तुम्हाला कळतो. किराणावाल्याच्या चेहऱ्याआडूनही कळला.

आता झोपेकडे येते. १९५३ मध्ये शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक वेळाने मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि तेव्हा उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेची पाळी साधारण दीड तासानं येते. मोठ्या माणसाच्या रात्रीचा वीस ते पंचवीस टक्के भाग ती घेते आणि पहाटेकडे लांबत जाते. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे म्हणतात. खरी होण्याचं मला माहीत नाही, पण ती जास्त लक्षात राहतात याचं कारण हे आहे. स्वप्नं इतर झोपेतही पडतात, पण लांबलचक, माणसांनी भरलेली, भावनेनं ओथंबलेली स्वप्नं बहुधा या झोपेतली.

या वेळी मेंदूत काय चालू असतं? बेल्जियमच्या पिएर माके यांच्या गटानं १९९६ मध्ये झोपलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. भीती, जिव्हाळा, धोका यांची दखल घेणारा अमिग्डला नावाचा भाग या झोपेत चांगलाच जागा असतो. कपाळामागचा, शहानिशा करणारा भाग मात्र मंदावलेला असतो. हे चित्र नीट मनात धरा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. 'बाबा आले' ही भावना उमटवणारा भाग जागा आहे. 'थांब, चेहरा तर किराणावाल्याचा आहे, मग हे बाबा कसे?' असं हटकणारा झोपला आहे. हटकणारा जागा झाला की तुम्हीही जाग्या होता, आणि मग सकाळी कोडं पडतं. स्वप्नात असताना ते कोडं नव्हतंच.

स्वप्नात चेहरा खरोखर दिसतो तेव्हा काय होतं, तेही तपासलेलं आहे. फ्रान्चेस्का सिक्लारी, जुलिओ टोनोनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लोकांच्या डोक्यावर २५६ तारांची जाळीची टोपी घालून त्यांना झोपवलं. रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवून विचारलं, आत्ता जाग येण्याआधी मनात काय होतं? ज्यांनी चेहरा पाहिल्याचं सांगितलं, त्यांच्या मेंदूत त्या क्षणाआधी जवळपास तीच जागा चेतलेली होती जी जागेपणी चेहऱ्यासाठी चेतते. म्हणजे स्वप्नातला चेहरा पाहायला मेंदूकडे वेगळे डोळे नाहीत, यंत्रणा तीच. यावरून मी असं समजते की तुमच्या पाठमोऱ्या बाबांच्या स्वप्नात बाबांची ओळख चेतली आणि ही जागा चेतली नाही. हा माझा तर्क आहे, तुमच्या स्वप्नाची कुणी मोजणी केलेली नाही. पण जे मोजलं गेलं आहे त्याच्याशी तो जुळतो.

आणि तुम्ही यात एकट्या नाहीत. डेव्हिड कान आणि हार्वर्डच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ३३ जणांची ३२० स्वप्नं तपासली. स्वप्नातल्या पात्रांपैकी जवळपास निम्मी नावानिशी ओळखीची होती. तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त नुसत्या भूमिकेवरून कळणारी होती, म्हणजे कुणी पोलीस, कुणी मित्र. उरलेली अनोळखी. ओळखीच्या माणसांना कशावरून ओळखलं असं विचारल्यावर लोकांनी चेहरा हे कारण जितक्या वेळा दिलं, जवळपास तितक्याच वेळा 'बस, मला ठाऊक होतं' हेही दिलं. ताई, तुमचं वाक्य आणि त्यांचं वाक्य एकच आहे.

किराणावाल्याचा चेहरा आणि आत बाबा, या प्रकारावर जरा थांबते, कारण मला स्वतःला तो फार विलक्षण वाटतो. जागेपणी असं कुणी म्हणालं तर आम्ही ते आजाराचं लक्षण धरतो. १९२७ मध्ये फ्रान्समध्ये एका तरुणीची नोंद झाली, जिला वाटायचं की नाटकात पाहिलेले कलाकार वेगवेगळी रूपं घेऊन तिच्या मागे फिरताहेत. झटपट वेश पालटणाऱ्या फ्रेगोली नावाच्या इटालियन नटावरून त्या भ्रमाला नाव पडलं. त्याच्या उलटा भ्रम कॅपग्रास या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांनी १९२३ मध्ये सांगितला. त्यात चेहरा हुबेहूब बायकोचा, पण 'ही ती नव्हे, कुणी तोतया आहे' असं माणूस ठामपणे म्हणतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मी हे पाहिलं आहे आणि त्या घरातल्या बाईची अवस्था पाहवत नाही. व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी १९९७ मध्ये अशा एका तरुणाबद्दल लिहिलं. आईवडील समोर आले की तो त्यांना तोतया म्हणे, पण फोनवर त्यांच्याशी नीट बोले. चेहऱ्यातून भावनेपर्यंत जाणारी वाट खंडित, आवाजातून जाणारी शाबूत.

सोफी श्वार्त्झ आणि पिएर माके यांनी २००२ मध्ये म्हटलं की निरोगी माणसाची स्वप्नं याच चष्म्यातून पाहावीत. स्वप्नात चेहरा एका बाजूनं येतो, ओळख आणि माया दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्हींची गाठ मारणारं कुणी नसतं. म्हणून एकाचं तोंड आणि दुसऱ्याचं माणूसपण बिनतक्रार एकत्र नांदतात. रोज रात्री हे आपल्या सगळ्यांचं होतं आणि सकाळी डोळे उघडताच गाठी परत बसतात. आजार आणि स्वप्न यांत फरक आहे तो इथं.

मग चेहरा किराणावाल्याचाच का? फ्रॉइडला एकदा स्वप्नात त्याचा मित्र आपला काका म्हणून दिसला. चेहरा दोघांचा मिळून, लांबट, भोवती पिवळसर दाढी. एकाच काचेवर अनेक माणसांचे फोटो एकावर एक घेणाऱ्या गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या छायाचित्रांशी त्यानं याची तुलना केली. ती उपमा मला पटते. त्यातून त्यानं काढलेले सगळे अर्थ मात्र पटत नाहीत, आणि 'अमुक चेहरा दिसला म्हणजे अमुक अर्थ' असं सांगणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. मी एवढंच विचारेन: त्या दुकानात तुम्ही लहानपणी कुणाचं बोट धरून जात होतात? माझा अंदाज आहे, बाबांचं. गूळ-शेंगदाण्याची पुडी, उधारीची वही, काउंटरपलीकडचा चेहरा आणि हाताला धरलेला बाबांचा हात, हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असेल. लहान मुलीची मान वर काउंटरकडे असते. बोट धरलेल्या बाबांच्या चेहऱ्याकडे ती कशाला बघेल? ते तर आहेतच. माझ्या आईबाबतीतही असंच झालं. ती गेल्यावर वर्षभर ती माझ्या स्वप्नात यायची ती आमच्या चौथीच्या बाईंच्या चेहऱ्यानं. मी फार अस्वस्थ व्हायचे. नंतर एकदा लक्षात आलं, त्या वर्षी आई त्याच शाळेत रोज दुपारी मला डबा घेऊन यायची. ही माझी जुळवाजुळव आहे, शास्त्र नव्हे. पण ती सापडल्यावर ते स्वप्न मला परकं वाटेनासं झालं.

मावसभावाचा मुद्दा. 'मेंदू नवा चेहरा बनवू शकत नाही' हे वाक्य व्हॉट्सॲपवर इतकं फिरतं की ते शास्त्रीय सत्य वाटू लागतं. ते कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि सिद्ध कसं करणार हेही कळत नाही. बर्डीच्या बाजारातल्या एका फेरीत शेकडो चेहरे डोळ्यांखालून जातात. त्यांची यादी कुणाकडे असते, जिच्याशी स्वप्नातला चेहरा ताडून बघायचा? यॉर्क विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात माणसाला सरासरी पाच हजार चेहरे ओळखता येतात असं निघालं. तेही फक्त ओळखीचे, नुसते नजरेखालून गेलेले वेगळेच. शिवाय मेंदू चेहरे अल्बममधल्या फोटोंसारखे सुटे ठेवतो असं दिसत नाही. डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटी अशा फरकांच्या हिशेबात ठेवतो, आणि असे फरक जागेपणी चित्रकार सहज नव्यानं जुळवतो. झोपेत ते होणारच नाही, असं मानायला कारण नाही. म्हणजे मावसभाऊ अर्धा बरोबर आहे. कच्चा माल पाहिलेल्यातलाच असतो. घडण मात्र नवी असू शकते.

याच्या उलट टोकाला जन्मांध माणसं आहेत. त्यांच्या स्वप्नात दृश्यं नसतात. तरी त्यांच्या स्वप्नात आई येते, भाऊ भांडतो, मित्र भेटतो. आवाज, स्पर्श, वास, आणि ते 'बस, ठाऊक होतं'. त्यांच्या स्वप्नातली आई अपुरी आहे असं कोण म्हणेल? आणि शार्को या फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञांनी १८८३ मध्ये वर्णन केलेला व्यापारी तर ऐकण्यासारखा आहे. पूर्वी त्याची चित्रस्मृती दांडगी होती, ती अचानक गेली. बायको-मुलांचे चेहरे मनासमोर येईनात. एका ठिकाणी समोरून वाट अडवणाऱ्या माणसाची माफी मागायला गेला, तर तो आरशात तो स्वतःच होता. त्याची स्वप्नंही बदलली. चित्रं गेली, बोलणं उरलं. स्वप्न मात्र थांबलं नाही.

आता परत विसरण्याकडे. जागेपणी डोळे मिटून चेहरा समोर आणणं आणि चेहरा दिसल्यावर ओळखणं, या दोन ताकदी वेगळ्या आहेत. पहिली सगळ्यांचीच अधू असते. आत्ता डोळे मिटून आईचा चेहरा आणा, जी शेजारच्या खोलीत बसली आहे. क्षणभर येईल, मग कडेनं विरेल, डोळे धराल तर ओठ सुटतील. म्हणजे आईला विसरलात का? काही लोकांच्या मनासमोर जागेपणी चित्र म्हणून उमटतच नाही. ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये अशा माणसांवर लिहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की स्वप्नात मात्र आम्हाला दिसतं. दोन्हींचे दरवाजे वेगळे आहेत. दुसरी ताकद, ओळखण्याची, फार चिवट असते. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये लोकांना त्यांच्या शाळासोबत्यांचे जुने फोटो इतर फोटोंत मिसळून दाखवले. शाळा सोडून पस्तीस वर्षं झालेल्यांनीही दहातले नऊ ओळखले. ते सोबती होते. तुम्ही तर बाबांबद्दल बोलता आहात.

एक गोष्ट मला रुग्णांच्या घरी गेल्यावर नेहमी जाणवते. माणूस गेल्यावर एकच फोटो मोठा करून भिंतीवर लागतो. बहुधा आधार कार्डाच्या किंवा लग्नातल्या फोटोवरून कापून काढलेला, मागे निळा रंग, चंदनाचा हार. वर्षभर रोज तोच बघितला की मनात बाबांच्या जागी तो फोटोच बसायला लागतो. जवळच्या माणसाचा चेहरा आपल्याला पक्का असतो तो हजार तऱ्हांनी पाहिल्यामुळे. चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचताना, हसताना, वैतागताना, कूलरसमोर बनियनवर बसून संत्री सोलताना. तो फोटो काढा असं मी म्हणत नाही. जुन्या अल्बममधले, मोबाइलमधले वेगवेगळ्या वयाचे, नीट न आलेले फोटो महिन्यातून एकदा काढून बघा. व्हिडिओ असेल तर आवाजासकट. शोकाच्या काळात हे झेपेल तेवढंच.

आईचं म्हणणं. मी कुणाच्या श्रद्धेशी भांडत नाही. श्राद्ध केल्यानं मन शांत होत असेल तर जरूर करा. रामटेकला अंबाळा तलावावर जाऊन आलेली माणसं हलकी होऊन परततात हे मी पाहिलं आहे. पण तोंड न दिसणं ही नाराजीची खूण मानू नका. ते कसं घडतं ते वर सांगितलं, आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत, ज्यांचं कुणाशी काही वाकडं नाही, त्यांच्याही स्वप्नात माणसं बिनचेहऱ्याची येतात. ही भीती विकणारे लोक असतात. नाराज पितर शांत करून देतो म्हणून कुणी पाच-दहा हजार मागितले तर उठून या.

सकाळी स्वप्न लिहायचं असेल तर एक क्रम ठेवा. उठल्या उठल्या मोबाइल न बघता आधी भावना, मग ते कोण होते, कुठं होते, काय करत होते. चेहरा शेवटी, आणि आठवला नाही तर ओढून आणू नका. चेहऱ्याचं शब्दांत वर्णन केल्यानं तो चेहरा नंतर ओळखणंच अवघड होऊ शकतं, असं १९९० च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. तो जागेपणीच्या चेहऱ्यांवर होता, पण मला वाटतं स्वप्नालाही ही खबरदारी लागू आहे. चहाच्या वेळी चार जणांना सांगितलं की 'काळं तोंड' हेच शब्द पक्के होतात आणि जे अंधुक दिसलं असेल तेही पुसलं जातं. उन्हाळ्यात रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला, घामानं तीनदा जाग आली की स्वप्नं जास्त आठवतात. त्यांची संख्या वाढली असं समजून घाबरू नका. जाग वाढली आहे.

औषधांकडेही बघा. रक्तदाबाच्या किंवा धडधडीच्या काही गोळ्या, उदासीनतेवरच्या गोळ्या सुरू किंवा बंद झाल्या, दारू अचानक सुटली, की स्वप्नं भडक होतात. गोळी मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही सांगते. बाबांच्या ओढीनं दिवस काढणं सहा महिन्यांनंतरही तितकंच असह्य असेल, घर, नोकरी, जेवण यांतून मन पूर्ण उठलं असेल, तर हा लांबलेला शोक आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुम्हाला चौदा महिने झालेत, म्हणून हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. स्वप्न दर वेळी दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीचंच असेल आणि झोपायचीच भीती वाटत असेल, तर जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून रोज मनात घोळवण्याचा सराव आम्ही करून घेतो, बऱ्याच जणांना तो उपयोगी पडतो. घरातलं वयस्क माणूस झोपेत हातपाय झाडत, ओरडत, शेजारच्याला मारत असेल तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा, ते वेगळं प्रकरण आहे. जागेपणी कुणाला घरच्यांचे चेहरे तोतया वाटू लागले तर थांबू नका. जगण्याचाच कंटाळा आला असेल तर त्याच दिवशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

चेहरा दिसावा म्हणून काही करता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणतात. वसतं ते स्वप्नात येतं हे खरं, पण कसं दिसावं हे आपल्या हातात नाही. झोपण्याआधी एखादा आवडता प्रसंग मनात आणून, 'आज बाबांना भेटायचं आहे' असं म्हणत झोपून बघा. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. आलेच पाहिजेत असा हट्ट धरलात तर झोप तेवढी जाईल.

आणि एक काम करा. पितर तोंड दाखवत नाहीत असं आई म्हणाली, ते तिला कशावरून सुचलं ते विचारा. बाजूला बसून, निवांत. माझा अनुभव असा की हे वाक्य बहुधा ज्याच्या स्वप्नात कुणी पाठमोरं आलेलं असतं तोच बोलतो. तिचा त्यांच्याबरोबरचा संसार तुमच्या वयाहून मोठा आहे, आणि तिनं हे अजून कुणाला सांगितलं नसेल.